कोपरे

जेवणाच्या टेबलावर दोनशे बारा प्रश्नावल्या होत्या. पंचवीस-पंचवीसचे आठ गठ्ठे आणि बारांचा एक लहान गठ्ठा. प्रत्येक प्रश्नावलीत दोन पानं, डाव्या वरच्या कोपऱ्यात एक स्टेपल. प्रत्येकीत तेरा प्रश्न आणि उत्तरादाखल फक्त बरोबरच्या खुणा, त्यामुळे हस्ताक्षर कुठेच नव्हतं. नवव्या प्रश्नाला 'होय' म्हणणारे अडुसष्ट होते. शेजारी लॅपटॉप होता आणि त्यातल्या तक्त्यात दोनशे बारा ओळी आणि चौदा रकाने. तेरा रकाने भरलेले होते. चौदावा पूर्ण रिकामा होता. शनिवार होता, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि प्रकल्प दुपारी चारला विभागात द्यायचा होता.

"तो रकाना तू भरणार होतास," माझी धाकटी बहीण म्हणाली.

"मी कशाला? मी फक्त पानं फाडली," पुढारी म्हणाला.

पुढारी तिच्या वर्गातला, प्रकल्पातला जोडीदार. राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र घेऊन दोघंही पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. उभं राहून, एक हात कमरेवर ठेवून बोलायची सवय असल्यामुळे त्याला ते नाव पडलं होतं. त्या वेळी मात्र तो खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

मी तारेच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. दिवसभर तारेची जाडी मोजायची आणि वहीत लिहायची. शनिवारी सुट्टी असते. मला त्यांच्या विषयातलं फारसं कळत नाही, म्हणून मी सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्यांचा प्रश्न साधा होता: मोठ्या माणसाची सही समोर असली तर लोक खरं सांगायला कचरतात का? त्यासाठी त्यांनी एकच प्रश्नावली दोन तऱ्हेने वाटली होती. वर एक विनंतीपत्र जोडलेलं. निम्म्या पत्रांवर विभागप्रमुखांची सही होती आणि ती पत्रं विभागाच्या लेटरहेडवर छापली होती. उरलेल्या निम्म्यांवर धाकटीची सही, साध्या कागदावर. पत्राच्या तळाशी उत्तर देणाऱ्याने आपलं नाव लिहून सही करायची आणि मग पुढची पानं भरायची. नववा प्रश्न होता: 'गेल्या महिन्याभरात तुम्ही दुसऱ्याची हजेरी लावली आहे का?'

कॉलेजच्या समितीने त्यांना दोन अटी घातल्या होत्या. उत्तरं वाचण्याआधी नावाचं पान वेगळं करून पेटीत बंद करायचं, ही पहिली. उत्तरं तक्त्यात भरणाऱ्याला कुठली प्रश्नावली कुठल्या गटातली हे कळता कामा नये, ही दुसरी. दोघांनी एकाच संध्याकाळी दोन्ही अटी पाळल्या. दोन्ही अटी बरोबर होत्या. फक्त गट कुठला, हे नावाच्या पानाशिवाय दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही इतके प्रामाणिक वागलात की प्रयोगच उरला नाही," मी म्हणाले.

"ताई, टोमणे नंतर मार," धाकटी म्हणाली. तिच्या ओठांवरची साल ती दातांनी काढत होती. लहानपणापासून तिला ही सवय आहे आणि ओठातून रक्त आल्याशिवाय ती थांबत नाही. प्रकल्प दिला नाही तर वर्ष जाणार होतं. पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या विद्यापीठात मिळालेली जागाही जाणार होती. ती जागा याच वर्षीच्या निकालावर अवलंबून होती.

"मी एक सुचवू?" पुढारी म्हणाला. "मी सगळ्या वाचल्यात. उत्तरं बघून मला कळतं की समोर सरांची सही होती की नव्हती. जे घाबरून उत्तर देतात ना, ते लगेच दिसतात."

"मग घाबरलेले सरांच्या गटात टाकायचे?"

"हो."

"आणि मग निष्कर्ष काय काढायचा? सरांच्या गटातले घाबरतात?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "शिकवतात काय रे तुम्हाला तिथे?"

नऊ चाळीसला धाकटीने सरांना फोन लावला. सर म्हणजे तेच विभागप्रमुख. तेच तिचे मार्गदर्शकही होते. तिने फोन टेबलावर ठेवला, आम्हाला ऐकू येईल असा. घडलेलं तिने तीन वाक्यांत सांगितलं.

"अगं, एवढं काय त्यात," सर म्हणाले. आवाज खरोखरच मायेचा होता. "पेटी माझ्याच कपाटात आहे ना. तुम्ही पानं फाडलीत म्हणजे कोपऱ्यात तुकडे राहिले असतील. कडा जुळवा. पत्राला प्रश्नावली लावायची आणि गट लिहायचा. अर्ध्या तासाचं काम. दोन वाजता गठ्ठे घेऊन या, मी बसतो तुमच्याबरोबर."

"हो सर," धाकटी म्हणाली. "थँक यू सर."

फोन ठेवून ती बूट घालायला उठली. चेहऱ्यावर रंग परत आला होता. मी प्रश्नावलीचा एक कोपरा उजेडात धरला. सरांचं बरोबर होतं. पुढाऱ्याने स्टेपल न काढता पानं ओढून फाडली होती आणि स्टेपलखाली पत्राचा नखाएवढा त्रिकोणी तुकडा अडकून राहिला होता. प्रत्येक तुकड्याची फाटलेली कड वेगळी होती.

"अर्ध्या तासात दोनशे बारा कडा जुळत नाहीत," मी म्हणाले. "पण जुळतील. जुळल्या की गट कळेल. आणखी काय कळेल?"

एक बूट हातात धरून ती थांबली.

"पत्रावर नाव आहे," मी म्हणाले.

"मला माहितीये पत्रावर नाव आहे. आम्ही नावाकडे बघणार नाही."

"आणि सर?"

पुढारी हळूच म्हणाला, "हजेरी समितीचे अध्यक्ष सरच आहेत."

हे मला माहीत नव्हतं. त्याने समजावून सांगितलं. दुसऱ्याची हजेरी लावताना सापडलेल्यांना या वेळी परीक्षेला बसू द्यायचं नाही, असा ठराव गेल्या महिन्यात झाला होता. आजपर्यंत कोणीच सापडलं नव्हतं.

"सर असं करणार नाहीत," धाकटी म्हणाली.

"नसतील करणार."

"मग?"

एक कोरं विनंतीपत्र टेबलावर होतं, जास्तीच्या छापलेल्या प्रतींमधलं. तिने ते उचललं. शेवटचं वाक्य तिनेच लिहिलेलं होतं, जाड अक्षरात: 'तुमचं नाव आणि तुमचं उत्तर पुन्हा एकत्र आणणं कोणालाही शक्य होणार नाही, आम्हालासुद्धा नाही.' ती ते बराच वेळ वाचत होती. वाक्य एकच होतं.

"मी 'हो सर' म्हणाले," ती म्हणाली. "विचारसुद्धा केला नाही. सहा महिने ह्याच्यावर वाचतेय आणि फोनवर 'हो सर' म्हणाले."

तिने बूट जागेवर ठेवला.

त्या वेळेपर्यंत मी दोन कोरी पत्रं बोटात धरून घासत होते. सवयच आहे ती. एक लेटरहेड, एक साधं. दोन्ही पांढरीच, दिसायला सारखीच. पण लेटरहेड बोटाला जाड लागत होतं.

"कोऱ्या प्रती किती आहेत?" मी विचारलं.

"दोन्हीच्या दहा-दहा. का?"

मी माझ्या कपाटातून मायक्रोमीटर आणला. कॉलेजात असताना घेतलेला आहे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतो. कोऱ्या लेटरहेडची दहा मापं घेतली: सगळी ०.१२ किंवा ०.१३. साध्या कागदाची दहा: सगळी ०.०९ किंवा ०.१०. मध्ये ०.११ एकदाही आलं नाही.

"तुकडे," धाकटी म्हणाली. "तुकडे पत्राचे आहेत. नुसता तुकडा मोजायचा. नाव लागतच नाही."

"आधी नियम लिही," मी म्हणाले. "बारा आणि वर जाड. दहा आणि खाली पातळ. अकरा आलं तर बाद. तुकडाच नसेल तर बाद. मोजायला लागल्यावर नियम बदलायचा नाही."

तिने लिहिला. दहा पन्नासला आम्ही सुरुवात केली. धाकटी गठ्ठा पालथा ठेवायची, म्हणजे मला उत्तरं दिसू नयेत. मी स्टेपल काढायचे, तुकडा चिमट्यात धरायचे, दोन ठिकाणी मोजायचे आणि आकडा सांगायचे. पुढारी प्रश्नावलीचा क्रमांक आणि आकडा वहीत लिहायचा. पहिल्या दहांना सोळा मिनिटं लागली. या वेगाने संध्याकाळ झाली असती. मग धाकटीने स्टेपल काढायचं काम घेतलं आणि वेग मिनिटाला एकाच्या जरा वर गेला.

"बारा."

"बारा."

"नऊ."

"नऊ. ताई, जरा मोठ्याने."

"हा काय लिलाव आहे?" आई दारात उभी राहून म्हणाली. "आणि जेवायचं कुठे? मांडीवर?"

"मांडीवर," आम्ही तिघं म्हणालो.

साठावी प्रश्नावली झाली तेव्हा धाकटी थांबली. मोजलेले तुकडे मी एका बशीत ठेवत होते, कागदाच्या लहान पुड्यांत, पुडीवर क्रमांक घालून.

"ते कशाला ठेवतेयस?"

"परत मोजायला. कोणी शंका घेतली तर दाखवता येतील."

"ताई, त्या तुकड्यांवर क्रमांक आहे. सरांकडे पत्रं आहेत. तुकडा आणि पत्र जुळलं की संपलं."

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी मापाकडे बघत होते, कडेकडे नाही.

"मोजलेली वस्तू फेकायची नसते," मी म्हणाले. कारखान्यात आम्ही तारेचा प्रत्येक नमुना वर्षभर जपून ठेवतो. "उद्या कोणी म्हणालं की आकडे तुम्ही घरी बसून रचले, तर तुझ्याकडे काय असेल?"

"वही."

"वही कोणीही लिहू शकतं."

"म्हणजे तू म्हणतेस ठेवायचे?"

"मी म्हणते की फेकलेस तर तुला नापास करायला सरांना कारण मिळेल. आणि ते कारण बरोबर असेल."

पुढारी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. तो म्हणाला, "मतदानाचं तसंच असतं. मतपत्रिकेवर नाव नसतं, म्हणून तू कोणाला मत दिलंस हे तुलाही परत सिद्ध करता येत नाही." तो बसूनच आणि हळू बोलत होता. "ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं."

धाकटीने ओठ पुसला. बोटावर रक्त आलं होतं.

"त्या साठांतले कुठलेही वीस परत मोज," ती म्हणाली. "आत्ताच, आधीचा आकडा न बघता. तेवढी पडताळणी वहीत जाईल. मग सगळे पाण्यात."

मी पुड्या मिसळल्या, वीस काढल्या, क्रमांक पुढाऱ्याच्या बाजूला ठेवून परत मोजल्या. एकोणीस अगदी तेच आले. एक ०.१२ चा ०.१३ आला, गट तोच राहिला. आईने काचेची बरणी दिली, निम्मी पाण्याने भरलेली. पुड्या उघडून धाकटीने तुकडे आत टाकले आणि चमच्याने ढवळले. त्यानंतरचा प्रत्येक तुकडा मोजून झाला की सरळ बरणीत गेला.

शंभर झाल्यावर मला आणखी एक गोष्ट दिसली. स्टेपल काढल्यावर पानांना दोन भोकं राहत होती, आणि ज्यांचा तुकडा अडकला नव्हता त्यांच्या पत्रावरही तशीच दोन भोकं असणार. कोपरे थोडे दुमडलेलेही होते. नीट बसून कोणी जुळवलं तर काही तरी जुळलं असतं. मी हे बोलले नसते तर कदाचित कोणालाच सुचलं नसतं. बोलले. धाकटीने मोठी कात्री आणली आणि प्रत्येक प्रश्नावलीचा तो कोपरा दोन सेंटिमीटर तिरपा कापला. कोपरे मात्र बरणीत गेले नाहीत, ते जास्त होते. आईने ते वेगळ्या बादलीत भिजवले आणि बादली मोरीत नेऊन ठेवली.

दोन वाजून पाच मिनिटांनी शेवटचा आकडा लिहिला. जाड शहाण्णव. पातळ एकशे एक. तुकडा नव्हता असे अकरा, ०.११ आले असे चार. एकूण दोनशे बारा. मग धाकटीने चौदावा रकाना भरला आणि लॅपटॉपला नवव्या प्रश्नाचं उत्तर गटवार विचारलं. तिने ते आम्हाला न दाखवता छापून घेतलं आणि पाकिटात घातलं. तिघं निघालो. मोजणारी मी होते, म्हणून मीही गेले.

सरांची खोली लांबट होती. एक टेबल, तीन खुर्च्या, लोखंडी कपाट. टेबलावर पुठ्ठ्याची पेटी होती. पेटीवरची चिकटपट्टी कापलेली होती. शेजारी भिंग होतं आणि एक पट्टी.

"तुमचा वेळ वाचावा म्हणून उघडून ठेवली," सर म्हणाले. "उशीर केलात. ठेवा गठ्ठे इथे."

धाकटीने गठ्ठे ठेवले. सरांनी वरची प्रश्नावली उचलली, उलटी केली, सुलटी केली. कापलेल्या तिरक्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग गठ्ठ्याच्या मधली एक ओढून काढली. मग तळाची.

"कोपरे कुठे आहेत?"

"नाहीत, सर."

"नाहीत म्हणजे?"

"कापले. तुकड्यांची जाडी मोजली, त्यावरून गट ठरवला आणि तुकडे नष्ट केले. पद्धत वहीत लिहिली आहे."

सरांनी भिंग उचलून पुन्हा खाली ठेवलं. "मी तुला काय सांगितलं होतं?"

"कडा जुळवायला."

"आणि तू काय म्हणालीस?"

"हो सर म्हणाले. चुकलं माझं." तिचा आवाज बारीक झाला होता, पण वाक्य पूर्ण झालं. "पत्रात आपण लिहून दिलंय, सर. निम्म्या पत्रांवर त्याखाली तुमची सही आहे."

सर माझ्याकडे वळले. "तुम्ही कोण?"

"मोठी बहीण. जाडी मी मोजली."

"हे खरं कशावरून?"

"एक तपासणी करता येईल," धाकटी म्हणाली. "वहीतले आकडे आधीच लिहिलेले आहेत. पेटीतली लेटरहेडची पत्रं आणि साधी पत्रं ऑफिसातल्या बाईंना मोजायला सांगा. आमच्याकडे जाड शहाण्णव आहेत. लेटरहेड शहाण्णवपेक्षा कमी निघाली किंवा एकशे अकराच्या वर गेली, तर आमची मापं चूक. मी प्रकल्प परत नेते."

ही अट आम्ही ठरवलेली नव्हती. सरांनी बाईंना हाक मारली.

बाईंनी चष्मा लावला आणि पत्रांचे दोन ढीग करायला घेतले. त्या मोजताना ओठ हलवत नव्हत्या, त्यामुळे आकडा कुठवर आलाय ते कळत नव्हतं. लेटरहेडचा ढीग आधी बुटका दिसत होता. मी त्याच्या उंचीवरून अंदाज करायचा प्रयत्न केला, मग जाड कागदाच्या ढिगाची उंची फसवते हे आठवून थांबले. मध्येच फोन वाजला, बाई उठल्या, परत आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या. तीन वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

"लेटरहेड एकशे तीन," बाई म्हणाल्या. "साधी एकशे नऊ."

एकशे तीन वजा शहाण्णव, सात. एकशे नऊ वजा एकशे एक, आठ. बाद पंधरा. यामुळे आमची मापं बरोबर ठरत नाहीत; चूक ठरत नाहीत, एवढंच.

"निष्कर्ष दाखव," सर म्हणाले.

धाकटीने पाकीट उघडलं. तेव्हा मीही तो पहिल्यांदा पाहिला. विभागप्रमुखांची सही असलेल्या गटात 'होय' शहाण्णवपैकी बावीस. विद्यार्थिनीची सही असलेल्या गटात एकशे एकपैकी एक्केचाळीस.

सरांनी त्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

"म्हणजे माझी सही दिसली की लोक खोटं बोलतात?"

"किंवा तुमच्या गटात योगायोगाने खरंच तसे लोक कमी आले असतील, सर. योगायोग किती शक्य आहे ते पान बावीसवर आहे. खोटं कोण बोललं ते मोजलेलं नाही. आता मोजताही येणार नाही."

सरांनी पेन काढलं. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: 'मूळ तुकडे उपलब्ध नाहीत. पडताळणी शक्य नाही. निर्णय बाहेरच्या परीक्षकांनी घ्यावा.' खाली सही केली आणि वेळ घातली, तीन बावन्न. मग पेटीतली पत्रं त्यांनी स्वतः उचलून बाईंकडे दिली.

"ही यंत्रात घाला," ते म्हणाले. "आत्ताच. हिच्यासमोर."

यंत्राला दोनशे बारा पानं कापायला नऊ मिनिटं लागली. धाकटी शेवटच्या पानापर्यंत उभी होती. जिन्यात पुढाऱ्याने विचारलं, "हे चांगलं झालं की वाईट?" ती खालच्या पायरीवर बसली.

बाहेरच्या परीक्षकांचा निकाल तेविसाव्या दिवशी आला. पद्धतीला शंभरपैकी अठ्ठेचाळीस, शेरा: 'पुनर्मापनाची सोय ठेवलेली नाही.' नैतिक काळजीला शंभरपैकी ब्याण्णव. सरासरी सत्तर. दुसऱ्या विद्यापीठातल्या जागेसाठी साठ लागत होते. त्या सत्रात हजेरी समितीने किती जणांना परीक्षेला बसू दिलं नाही, हे मी पुढाऱ्याला विचारलं. शून्य, तो म्हणाला.

आईला तिची बरणी परत हवी होती. तळाशी राहिलेला लगदा मी गाळून घेतला, दोन दिवस वाळवला आणि कारखान्यातल्या तराजूवर ठेवला. एकशे सत्त्याण्णव मोजलेले आणि चार बाद, मिळून दोनशे एक तुकडे: १.२ ग्रॅम.